नऊ वर्षं पास झालेली चाचणी

“कान बरा दिसला तरी पुन्हा दाखवा,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मनावर घेतलं नाही, बाळाचा कान पुन्हा दुखायला लागला, म्हणून त्याला मांडीवर घेऊन परत दवाखान्यात बसले होते. शेजारी एक आजोबा आणि लॅपटॉप उघडून बसलेली त्यांची मुलगी. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे कंपायलर, ते घरीच बनवत असावेत.

“बाबा, आपल्या कंपायलरची ही चाचणी काढून टाकू? नऊ वर्षांत एकदाही नापास झालेली नाही. उगाच वेळ खाते.”

“हात नाही लावायचा तिला. तुझ्या काकानं कंपायलरमधली एक चूक दुरुस्त केली, तेव्हाच ही लिहून ठेवली, ती चूक परत आली तर लगेच कळावं म्हणून. दुरुस्त केलेलंच गुपचूप पुन्हा बिघडतं गं.”

“फुकट वाटायच्या कंपायलरची केवढी ती काळजी! आणि काका कसा आहे?”

“ऑपरेशननंतर ठणठणीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“त्यानंच. मागच्या वर्षी.”

“बाबा!”

“…लाव, फोन लाव त्याला.”

तुमच्याही घरचं कुणी मागे बरं झालं असेल. त्यांना आज एकदा विचाराल?