पहिला आंबा पितराचा

— नाही नाही, उठू नका. पितराचं पान मांडलं की उठायचं नसतं, बोलायचंही नाही, नुसतं जेवायचं. एरवी तुमचा कान धरला असता, ज्ञानेश्वर, पण आज आखाजी, पितरांची अक्षय्य तृतीया — आज 'तुम्ही'च म्हणणार. इतकी वर्षं तुमचे वडील बसायचे या पाटावर, आमच्या ह्यांच्या नावानं. यंदा त्यांना नाही बोलावलं. रागावले का सुकदेवभाऊ? नसतील रागावले. माझ्या हितेंद्रच्या नावानं म्हातारा माणूस कसा बसवू — त्याच्या बरोबरीचाच पाहिजे ना. दीपनगरला कामावर दोघं एकाच डब्यातून जेवायचात — घ्या, सांजोरी घ्या. सगळं, बठ्ठं त्याच्या आवडीचं शे.

ही त्याच्या नावाची घागर भाविकानं भरली. भाऊबंद म्हणाले, पुरुषाच्या हातानं भरायची असते, पोरीचं काय काम. मी म्हटलं, बाप तिचा होता, तीच भरेल. एवढीशी पोर — निम्मं पाणी ओट्यावर सांडलं, पण भरली. उद्या माझीही तीच भरेल, सांगून ठेवलंय तिला. दिपमाला तेवढं ऐकून आत गेली ती अजून बाहेर आली नाही. रडू दे. सून झाली तरी किती दिवस डोळे पुसत बसेल माझ्यासमोर.

आणि हा आंबा — अंगणातलाच. भाविका जन्मली तेव्हा त्यानं कलम लावलं. म्हणायचा, पहिला आंबा माझी पोर खाईल. यंदा धरला, वाऱ्यात सगळे गळाले, हा एकच टिकला. पण आखाजीला पितराला वाढल्याशिवाय आमच्यात कोणी आंबा तोंडात घालत नाही — मग काय करू? रीत मोडू? पोरीलाच विचारलं. ती म्हणाली, आधी पप्पा. — खा ना. नुसता हातात धरून काय बसलास? तुला तर आंबा धुवायचाही दम निघायचा नाही, सदऱ्यावर डाग पाडून घ्यायचास... किती रोड झालास रे. तिथं कोणी वाढत नाही का तुला —

चुकलं. चुकलं हं, ज्ञानेश्वर. जेवा तुम्ही.

अर्धा ठेवलात? तिच्यासाठी? ... बरं केलंत. बापाच्या पानातला आहे, खाईल ती.

आता पाय पुढे करा. लाजू नका, पितराच्या पाया पडतातच. आईनं लेकाच्या पाया पडायचं — हे बघायला जिवंत राहिले मी. झालं. हात धुवा आणि निघा. दारातून वळून बघू नका. बघितलंत तर मी जाऊ देणार नाही.