बाईंच्या चुका

आमच्या हिची गंमत सांगतो. हिला कुणाची लग्नपत्रिका आली की आधी चुका दिसतात, मग नवरा-नवरी. आणि आमची ईरा लक्ष्मीबाई नगरात रविवारच्या मराठी वर्गाला जाते, तिथल्या बाई दिल्लीतच वाढलेल्या. ग्रुपवर त्यांचा मेसेज आला की ही कपाळाला हात लावणार.

परवा तर भडकलीच. “एक ओळ धड नाही! ह्या काय पोरीला मराठी शिकवणार? आजच तिचं नाव काढून टाकते.”

ईराला आणायच्या वेळी ही तडक वर्गावर निघाली, मी मागोमाग. बाई दारातच भेटल्या. ही तोंड उघडणार, एवढ्यात मागच्या बागेतून आरडाओरडा ऐकू आला. झोक्यावरून ईराची मैत्रिणीशी जुंपली होती.

“आता माझी बारी आहे, तू उतर! नाहीतर मी तुझ्याशी कधीच नाही बोलेन!”

घरी आम्ही मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी आमची पोरगी चक्क मराठीत भांडत होती! वाक्यागणिक चूक, पण माघार नाही.

बाई घाबरून सोडवायला धावल्या. हिने त्यांचा हातच धरला.

“थांबा हो बाई! भांडू द्या ना त्यांना!”