जितक्या ओळी, तितके पैसे

हॅलो?… हं, बोल चिमे… नाही गं, ऑफिसात आहे… हो, सुट्टीच आहे, म्हणून तर आलेय. महिनाअखेर आहे, आणि डोकं खायला कोणी नसलं की आकडे पटापट जुळतात… एकटीच. खाली वॉचमन आहे, तो डुलक्या काढतोय. तू बोल, मला घाई नाही.

कसलं कोटेशन?… तुझ्या नवऱ्याला?… अच्छा, ते होय. हो, आमच्याकडे आहे, दोन वर्षं झाली… काय करतं म्हणजे, हमाल आहे गं तो, दुसरं काय. तुझ्या नवऱ्याच्या तीन दुकानांचा हिशेब एका कॉम्प्युटरवर, गोदामातला माल दुसऱ्यावर, वेबसाइटवरच्या ऑर्डरी तिसरीकडे. खरं ना? हे सॉफ्टवेअर इकडची माहिती उचलून तिकडे नेऊन टाकतं. आपोआप, दिवसभर… क्लाउड म्हणजे ते आपल्या ऑफिसात नसतं. त्यांच्या मशीनवर चालतं, आपण नुसतं भाडं भरायचं.

किती भरतो… अगं ऐक ना, तिथेच तर मेख आहे. त्याला सांग, पहिल्या पानावरचा आकडा बघून पाघळू नकोस. तो आकडा दाखवायचा. खरा आकडा मागच्या पानावर बारीक अक्षरात असतो… जितक्या ओळी हलतील तितके पैसे, असा… ओळ म्हणजे, समज आमच्या दुकानात एक बिल फाडलं, एक ओळ. एका औषधाची किंमत बदलली, एक ओळ. कुणी ग्राहकाचा फोन नंबर दुरुस्त केला, आणखी एक. औषधांची चाळीस दुकानं आमची, कर हिशेब.

हो ना, पहिलं वर्ष गोड होतं. दुकानामागे ठरलेली रक्कम, झोप लागायची. दुसऱ्या वर्षी मेल आला, आता ओळीमागे. तोवर सगळा कारभार त्यांच्या गळ्यात बांधून झालेला, सोडणार कसं? आवळा देऊन कोहळा काढला म्हण… मग काय, एकदा किमती बदलताना आमच्याकडून चूक झाली. सगळ्या औषधांच्या किमती बदलल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या परत होत्या तशा केल्या. दोन दिवसांत लाखो ओळी हलल्या. महिन्याचं बिल चौपट… साहेब? साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. पैसे जणू मीच खाल्ले.

काय झालं? कोणाशी बोलतेयस?… बाबा?… काय मागतायत?… रिमोटला चष्मा म्हणाले? हसू नकोस गं, मीही हल्ली फ्रीज उघडून विचार करत उभी राहते. दे त्यांना रिमोट, विषय संपला… हं.

तर ऐक, नवऱ्याला दुसरी गोष्ट सांग. सॉफ्टवेअरचं भाडं हा निम्मा खर्च. ते सांभाळायला माणूस लागतो. आमच्याकडे होता एक, कॉम्प्युटरवाला. दिवसभर चहा पीत त्या पडद्याकडे बघत बसायचा. पगार वाढवून मागितला. साहेब म्हणाले, काम सगळं आपोआप होतंय, मग हा कशाला? गेला बिचारा, गेल्याच महिन्यात… नाही, दुसरा नाही घेतला. ते माझ्याकडेच आलं. आधीच माझं ओझं, त्यावर हे गाठोडं.

पण मी काय केलं माहितीये? मला त्यात एक सोय सापडली. महिन्याच्या खर्चाला मर्यादा घालता येते. आपण आकडा टाकायचा, त्याच्या वर बिल जात नाही म्हणजे नाही. मी टाकला. गेल्या वर्षीच्या बिलाएवढा… या महिन्यात? एक पैसाही वर नाही. साहेबांनी परवा मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाव घेतलं माझं. म्हणाले, घरच्या बाईसारखं सांभाळलं. ते वाक्य मला फारसं आवडलं नाही, पण कौतुक ते कौतुक.

परत काय?… घाम? पंखा लाव ना मग… लावलाय?… सकाळी शर्टाची बटणं वरखाली लावली होती?… अगं, वय झालंय आता. तुला उगाच काळजीचा सोस. झोपू दे थोडं… नाश्ता केला नाही का?… पित्त झालं असेल. नेहमीचंच आहे त्यांचं, गोळी घेतली की उतरतं… घेतली ना? झालं तर.

हां, थांब, आता पडदा समोरच आहे तर तुला खरा आकडाच देते. किती ओळी हलल्या आणि किती पैसे लागले, तुझ्या नवऱ्याला तुलना करता येईल… उघडतंय… हं. पहिला आठवडा, भरपूर. दुसरा, तिसरा, त्याहून जास्त. मग…

मग शून्य दिसतंय.

नाही, काही नाही, बोल तू… नाही, ऐकतेय. आलेख आडवा झालाय. गेल्या आठवड्यापासून एकही ओळ हललेली नाही… अगं, बंद असेल तर दुकानांतून तक्रार नको का यायला? दुकानं चालूच आहेत, बिलं फाटतायत… हां, बिल त्यांच्या त्यांच्या कॉम्प्युटरवर फाटतं. त्यांना काय कळणार. त्यांच्या पडद्यावर जुनं सगळं हिरवंगार दिसत असणार.

खाली लिहिलंय काहीतरी. मर्यादा पूर्ण झाल्यामुळे… वाहतूक थांबवण्यात आली आहे.

मला वाटलं होतं बिल थांबेल गं. काम चालू राहील आणि बिल थांबेल. हे काय वाटलं होतं मला? फुकट कोण करतं?… सूचना पाठवली असेलच त्यांनी. त्या कॉम्प्युटरवाल्याच्या पत्त्यावर. जो आता इथे नाही.

चिमे, एक मिनिट, बोलू नकोस.

बाबांनी पित्ताची गोळी घेतली म्हणालीस ना. कुठली?… तीच, नेहमीची, निळ्या खोक्यातली. जुनी का नवीन?… कधी आणली?… काल संध्याकाळी. आमच्या दुकानातून, कोपऱ्यावरच्या… माझ्या नावावर सवलत मिळते म्हणून. हो, मीच सांगितलं होतं तिथून घ्यायला.

खोकं आण. आत्ता… आणलंस? बाजूला छापलेला बॅचचा नंबर असतो, तो वाच… हळू… शेवटचे आकडे परत वाच.

परत एकदा.

नाही, मी इथेच आहे… ऐक आता, आणि मला मध्ये विचारू नकोस. परवा ही गोळी बनवणाऱ्या कंपनीचा निरोप आलाय. त्या बॅचमध्ये पॅकिंगला घोटाळा झालाय. खोकं पित्ताच्या गोळीचं, आतल्या पट्टीत भलतीच गोळी. साखर उतरवायची. डायबेटिसवाल्यांची… बाबांना डायबेटिस नाही, ठाऊक आहे मला. म्हणूनच सांगतेय.

किती घेतल्या?… काल रात्री एक. सकाळी?… दोन? दोन का दिल्यास… बरं, बरं, तुझी काय चूक, पित्त खवळलं म्हणून दिल्यास. आणि त्यावर काही खाल्लं नाही. उपाशी आहेत ते.

उठव त्यांना. फोन स्पीकरवर टाक आणि जा… हलव खांद्याला… जोरात हाक मार… काय म्हणाले?… तुला आईच्या नावानं हाक मारली? उत्तर दे ना मग, आई म्हणून उत्तर दे, पण जागं ठेव. गिळतायत का ते बघ. चमच्यानं थोडं पाणी… गिळलं? नक्की? मग साखर कालव त्यात, भरपूर, पाच-सहा चमचे, आणि थोडं थोडं पाज. बसवून. मान मागे टाकू नकोस… आणि गिळेनासे झाले तर तोंडात काही ओतायचं नाही, समजलं? नुसती साखर ओल्या बोटानं हिरडीला चोळायची.

समोरचे काका आहेत का घरी?… दार वाजव त्यांचं. त्यांना अँब्युलन्सला फोन करायला सांग, त्यांच्या फोनवरून. डॉक्टरांना साखर उतरलीय म्हणून सांगायचं आणि हे खोकं हातात द्यायचं. आणि शुद्धीवर आले, हसले, बोलले, तरी न्यायचंच. ही गोळी दिवसभर अंगात राहते, परत उतरते साखर… जा, मी धरून आहे.

……

हं. आले काका? बरं… अँब्युलन्स निघाली म्हणाले? बरं. पाजतेयस ना? पाजत राहा.

मी? मी ती मर्यादा काढतेय… साहेबांची परवानगी लागते, हो. ते विमानात आहेत. दाबलं मी. विचारतंय, साचलेल्या सगळ्या ओळी एकदम हलतील, एवढा खर्च येईल, मान्य आहे का. केलं मान्य. किती ते वाचलंसुद्धा नाही… आता म्हणतंय रांगेत आहे. चाळीस दुकानं, आठवड्याभराचा माल. अंदाजे सहा तास.

सहा तास, चिमे.

अगं, खरेदीवाल्या मॅडमनी माझ्यासमोर त्या बॅचला लाल खूण केली होती. परवा. विक्री बंद म्हणून. आम्ही दोघी मग चहाला गेलो. आपोआप पोचणार ना खूण दुकानांत… आधी? आधी असा निरोप आला की सगळं ऑफिस कामाला लागायचं. एकेका दुकानाला फोन, काउंटरवरच्या माणसाचं नाव लिहून घ्यायचं, त्यानं डबा फडताळावरून काढला म्हटलं की खूण. अर्धा दिवस जायचा. हे सॉफ्टवेअर घेताना साहेबांना तेच तर दाखवलं होतं आम्ही, तो अर्धा दिवस वाचेल, त्यात भाडं सुटेल. फोनची लाइनसुद्धा काढून टाकली ऑफिसातली.

हो, ग्रुपवर टाकलंय आत्ताच, तुझ्याशी बोलता बोलता. कोणी वाचलेलं नाही. काउंटरवर मोबाइल हातात घ्यायला बंदी आहे. आमचाच नियम. दुकानाचा फोन वाजला तर मात्र उचलतात… वॉचमनचा? त्याचा घेते मी, पण त्यानं एक दुकान लावेपर्यंत… अगं, परवापासून विकतायत ते. पित्ताची गोळी आहे. जो तो घेतो. म्हातारी माणसं घेतात, पोटुशी बायका घेतात. एकटी राहणारी माणसं घेतात, ज्यांना उठवायला कोणी नाही.

काय झालं?… डोळे मिटले? हाक मार… मार ना… हात दाबला का? कोणाचा, तुझा? दाबला. बरं. तोंडात ओतू नकोस आता काही. कुशीवर वळवा. साखर हिरडीला चोळ, मघाशी सांगितलं तशी. काका आहेत ना जवळ? त्यांना खाली पाठवू नकोस, गाडीचा आवाज येईल तुम्हाला.

चिमे, मी फोन ठेवतेय.

नाही, ऐक… ऐक माझं. तिथे तू आहेस. काका आहेत. गाडी येतेय. मी इथून तुझ्या रडण्याशिवाय काही ऐकू शकत नाही, आणि माझ्याकडे हा एकच फोन आहे… हो, माझेही बाबा आहेत ते. मीच दुकान सांगितलं, मीच आकडा टाकला, मला सगळं कळतंय. म्हणून ठेवतेय. आत्ता या मिनिटाला कुठल्यातरी काउंटरवर कोणीतरी तेच निळं खोकं पिशवीत घालतंय, आणि ते या जगात फक्त मला माहीत आहे.

रागव. नंतर हवं तेवढं रागव. बोलू नकोस माझ्याशी जन्मभर.

हे काय करतेयस?… तो आवाज… बाबांचा श्वास आहे का हा?

चिमे, फोन त्यांच्या तोंडापाशी धरू नकोस. काढ तो तिथून… काढ म्हणते ना. अगं, मला मग ठेवता येणार नाही.

बाबा…

ठेवते.