कान्हाची आई: तुळस आणि खाली तीन ठिपके

...आणि वर मलाच विचारते, "तू कोण गं?" मी कोण? अहो, नऊ महिने पोटात वागवलेल्या पोराची आई मी, बालवाडीच्या दारात घामाने निथळत उभी, आणि ही गोदूबाई, बालवाडीची बाई, वहीवर बोट ठेवून म्हणते, "कान्हाची आई त्याला केव्हाच घेऊन गेली!" घेऊन गेली म्हणजे? कोणीही यावं नि न्यावं? कोण? "मीच" म्हणायला काय जीभ झिजते?

पण चूक माझीच, तुम्हाला सांगते. मी सातवी शिकलेली बाई, डोंबिवलीला एका कॉम्प्युटर क्लासच्या दाराशी बसते, येणाऱ्याला चपला बाहेर काढायला लावते, पाणी देते... मला काय करायचं होतं त्या वायरींशी? पण झालं काय, क्लासात नवीनच ते इंटरनेट आलेलं, आठ मशिनी एकमेकींना जोडलेल्या, आणि रतन म्हणून एक दीडशहाणा पोरगा, त्याने आपल्या मशीनला, सगळं जिच्यातून जातं त्या मोठ्या मशीनचं सोंग घ्यायला लावलं! सगळ्यांची पत्रं, पासवर्ड, सगळं त्याच्याकडे! क्लास चालवणारे आनंद सर डोकं धरून बसलेले. म्हणाले, "नंदाताई, या मशिनी फार भोळ्या हो. एक ओरडून विचारते, अमुक पत्ता कोणाचा? जी म्हणेल 'माझा', तिच्या पदरात सगळं टाकून मोकळी. खरं-खोटं बघतच नाहीत!"

अहो, बालवाडीत हेच की! गोदूबाई दार किलकिलं करून ओरडणार, "कान्हाला न्यायला कोण आलंय?" आणि जी "मी" म्हणेल... "मीच" म्हणायला काय जीभ झिजते? त्यात आमच्या सासूबाई बाळकुम गावच्या, आमच्याकडे आल्या की एकच धमकी, "तू बस गो तुज्या कंप्यूटरशी, पोराला मी नेते गावाला. निस्ता सुकलाय हितं!"

"सर, मग उपाय काय?"

"यादी! प्रत्येक मशीनच्या कार्डावर जन्माचा नंबर असतो. पत्त्यासमोर तो हाताने लिहून पक्का बसवायचा. मग कोणी कितीही बोंबलो, ऐकायचं नाही."

जन्माचा नंबर! तश्शी गेले गोदूबाईकडे. म्हटलं, लिहा वहीत, कान्हाची आई: उजव्या हातावर गोंदण, तुळस आणि खाली तीन ठिपके. "अगं, पण मी ओळखते ना तुला," गोदूबाई म्हणाली. "नाही! चेहरा बघायचा नाही, आवाज ऐकायचा नाही, मी स्वतः रडत आले तरी नाही. फक्त गोंदण!" त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

आणि विसरले काय? लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत सासूबाईंनीच मला दंडाला धरून गोंदवायला बसवलेलं. गोंदणारणीपुढे स्वतःचा हात धरला नि म्हणाल्या, "माज्यासारकीच तुळस काढ. आमची सून दिसाया पायजे!"

"त्या आजींनी बाही वर केली," गोदूबाई आता दारात म्हणते, "मी वहीत बघून ठिपके मोजले, पोर दिलं. चेहरा बघू नका, कोण म्हणालेलं? आणि आता तूही तीच तुळस दाखवतेस... दोघींतली खरी कोण, मी काय सांगू?"

धावत घर गाठलं. सासूबाई ओट्यावर बसून कान्हाला सुकटीचा भात भरवतायत. "घाबरलीस गो? मी बोलले, मीच त्याची आय! बाईने हात बघितला नि दिला."

मी म्हटलं, "कान्हा, सांग रे बाळा, तुझी आई कोण?" चिरंजीवांनी आमचे दोघींचे हात ओढले, तुळशीला तुळस लावून बघितली, आणि भरल्या तोंडाने म्हणाले, "दोन्ही!"

"ऐकलंस? आता आठ दिस नेते बाळकुमला."

आनंद सरांना विचारलेलं मी, एकाच पत्त्यावर दोन मशिनी आल्या तर? म्हणाले, "नंतर आलेली गप बंद पडते." आणि घरात नंतर आलेली कोण? सून!

...कपडे भरतेय पोराचे.