दोन हिरवे, एक लाल

मेहुणा : गाडी चार इंच वर गेली की माणसाची दृष्टीच बदलते, मिस्त्री. क्षितिज दिसायला लागतं. एकदा तिथून जग बघितलं की पुन्हा खाली बसवत नाही.

मिस्त्री : असेल. चाकं सरळ आहेत आणि तुमचं स्टिअरिंग डावीकडे बघतंय. त्यालाही काहीतरी दिसलं असेल.

दाजी : मी महिनाभर असंच चालवतोय. मला वाटलं, उंच गाडीला असंच असतं. ह्यानेच सांगितलं तसं.

मेहुणा : दाजी, ते किरकोळ आहे हो. त्यासाठीच तर अलाइनमेंटला आणलीय.

मिस्त्री : गाडी उंच कोणी केली?

मेहुणा : मी. दाजींच्या अंगणात. पुढच्या-मागच्या स्प्रिंगा, शॉक, सगळं एकट्याने. दोन रविवार लागले. व्हिडिओ तोंडपाठ करून बसलो होतो.

मिस्त्री : मग बोल्ट कधी आवळायचे ते सांगितलं असेल त्यात.

मेहुणा : शेवटी.

मिस्त्री : गाडी जॅकवर असताना, की चाकांवर उभी राहून वजन आल्यावर?

मेहुणा : जॅकवर. चाकांवर उभी केल्यावर खाली शिरायला जागा कुठे राहते?

मिस्त्री : चार इंच वाढवली होतीत ना.

दाजी : मिस्त्री, मला त्यातलं काही कळत नाही. मला फक्त कागद हवाय. बायको म्हणालीय, अलाइनमेंटचा छापील कागद आणा, तोवर मुलींना त्या गाडीत बसवणार नाही. उद्या सकाळी निघायचंय. घाट उतरून सासूबाईंना घेऊन यायचंय.

मिस्त्री : घाट. किती जण?

दाजी : जाताना पाच, येताना सहा.

मिस्त्री : टायर मोठे घातले नाहीत, एवढं एक बरं केलंत.

मेहुणा : तो पुढचा टप्पा आहे.

मिस्त्री : हे बघा साहेब, इकडे पडद्यावर. टो, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांकडे किती बघतायत, ते मी आत्ता बसवलं. हिरवं. कॅम्बर, चाक आत-बाहेर किती झुकलंय, ते पण हिरवं. हे तिसरं लाल आहे. कॅस्टर.

मेहुणा : तीनपैकी दोन हिरवे. म्हणजे बहुमत झालं.

मिस्त्री : चाकं मतदान करत नाहीत.

दाजी : ते तिसरं काय सांगतं?

मिस्त्री : सायकल हात सोडून चालवली असेल तुम्ही.

दाजी : नाही.

मिस्त्री : कोणाला चालवताना बघितलं असेल. ती सरळ का जाते? पुढच्या चाकाचा दांडा मागे कललेला असतो म्हणून. त्या कलामुळे चाक आपणहून घरी येतं. ह्यांनी गाडी उचलली, त्याबरोबर पुढचा ॲक्सल फिरला आणि कल गेला. आता चाकाला घर कुठलं ते आठवत नाही. ते शोधत फिरतं.

दाजी : मग तो कल परत द्या.

मिस्त्री : माझ्या पान्याने यायचा नाही तो. त्याला वेगळे लांब आर्म, म्हणजे ॲक्सल धरून ठेवणारे दांडे, लागतात. उचलतानाच घालायचे असतात. मागवले तर तीन आठवडे.

मेहुणा : आर्मशिवाय शेकडो लोक चालवतात. फोरमवर जाऊन वाचा.

मिस्त्री : ज्यांचं वाईट झालं ते फोरमवर लिहायला येत नाहीत. थांबा. हे काय आहे?

मेहुणा : कुठे?

मिस्त्री : हा नळा. बाकी सगळ्यावर महिनाभराचा चिखल आहे, आणि ह्याचं स्टिकरसुद्धा निघालेलं नाही.

मेहुणा : स्टिअरिंग डॅम्पर आहे तो. चांगला दिसला, घेतला. असंच.

मिस्त्री : असंच माणूस अत्तर घेतो. डॅम्पर असंच कोणी घेत नाही.

दाजी : काय काम असतं त्याचं?

मिस्त्री : चाकं थरथरायला लागली की तो थरथर गिळतो.

दाजी : मग चांगलंच आहे की.

मिस्त्री : डोकेदुखीची गोळी पण चांगलीच असते. डोक्यात काय आहे ते बघायच्या आधी खाल्ली तर फार चांगली. कधी बसवलात?

मेहुणा : झाले काही दिवस.

मिस्त्री : मी तो काढतो. मग चक्कर मारून येऊ.

मेहुणा : काढायची काय गरज आहे? गाडी जशी आहे तशी तपासा ना.

मिस्त्री : जशी आहे तशीच तपासतोय. दोन बोल्ट आहेत, दोन मिनिटं. बसा साहेब पुढे. तुम्ही मागे.

मेहुणा : तुम्ही दोघं जाऊन या. माझी पाठ धरलीय.

दाजी : सकाळी तर तू बॅगा माळ्यावरून खाली उतरवल्यास.

मेहुणा : तेव्हाच धरली.

मिस्त्री : या. मागे वजन लागतं. उद्या असणारच आहे.

(गॅरेजमागचा लांब, मोकळा रस्ता. मिस्त्री चालवतो, दाजी त्याच्या शेजारी, मेहुणा मागच्या सीटवर मधोमध.)

मिस्त्री : पट्टा लावा साहेब.

दाजी : लावला. इथून खरंच लांबवर दिसतं हं.

मिस्त्री : ते समोर डांबर संपून काँक्रीट लागतं ना, तिथे सांधा आहे. एका चाकाला जरा जास्त लागतो. तिथे साठवर जायचं.

मेहुणा : साठ नको.

दाजी : का रे?

मेहुणा : गाडी जड आहे. पन्नास पुरे.

मिस्त्री : घाटाच्या उतारावर पन्नास ठेवणार का तुम्ही? मागे ट्रक लागल्यावर?

मेहुणा : मिस्त्री, मी सांगतोय ना, साठ नको.

दाजी : काही होत नाहीये रे. छान चाललीय. उगाच तू. बघ, सांधा गेलासुद्धा, काहीच…

मेहुणा : दाजी, वरचं हँडल धरा.

दाजी : हे काय? मिस्त्री, हे स्टिअरिंग काय करतंय?

मिस्त्री : दात मिटून ठेवा, जीभ चावाल.

दाजी : तुमचे हात, मला तुमचे हात दिसत नाहीयेत.

मिस्त्री : आहेत. नुसते ठेवलेत. आवळून धरलं तर अंगठा मोडतो.

दाजी : ब्रेक मारा.

मिस्त्री : नाही. ब्रेक मारला की आणखी चेकाळते. पाय काढायचा आणि तिचं होईपर्यंत बसायचं. पन्नास. चाळीस. अजून आहे. पस्तीस. ही सुटली बघा थरथर. झालं.

दाजी : जरा थांबवा.

मिस्त्री : थांबलीय साहेब. आपण उभे आहोत.

दाजी : हो का.

मिस्त्री : किती लागलं थांबायला ते बघा मागे वळून. ते काँक्रीट सुरू झालं तिथपासून इथपर्यंत. घाटात वळणाआधी एवढी जागा मिळाली तर नशीब.

दाजी : तू साठ नको म्हणालास.

मेहुणा : अंदाज होता.

दाजी : पंचावन्न नाही, सत्तर नाही. साठ म्हणालास. आणि हँडल धरायला सांगितलंस, मला कळायच्याही आधी.

मेहुणा : एकदाच झालं होतं दाजी.

दाजी : कधी?

मेहुणा : मागच्या गुरुवारी. पुलाच्या उतारावर.

दाजी : गुरुवारी तू मुलींना पोहण्याच्या क्लासवरून आणतोस.

मेहुणा : हो.

दाजी : मागे बसल्या होत्या?

मेहुणा : पट्टे लावलेले होते. मी स्वतः लावले होते.

दाजी : काय झालं त्यांना?

मेहुणा : काही नाही झालं. मोठी रडली थोडी. धाकटीला गंमत वाटली, मामा परत कर म्हणाली.

दाजी : घरी येऊन दोघी गुपचूप जेवल्या. मला वाटलं, पोहून दमल्या.

मेहुणा : मी म्हटलं त्यांना, आईला सांगायचं नाही. बाबांना पण नाही. बाबांची आवडती गाडी आहे, त्यांना वाईट वाटेल, म्हटलं.

दाजी : मला वाईट वाटेल.

मेहुणा : शुक्रवारी लगेच डॅम्पर आणून बसवला की. नंतर चार वेळा नेली पुलावरून, सत्तरने. एकदाही झालं नाही.

दाजी : एकटा गेलास?

मेहुणा : एकटाच.

दाजी : मिस्त्री, तो नळा परत लावला तर उद्या काय होईल?

मिस्त्री : बहुतेक काही नाही. जाताना पाच जण बसाल, गप्पा मारत उतराल. नळा गिळत राहील. त्याचं पोट कधी भरतं ते त्यालाच माहीत. तोवर बाकीचे सांधे मात्र सैल होत राहणार. कोणाला कळणार नाही, कारण स्टिअरिंग शांत असणार.

दाजी : आणि येताना सहा.

मिस्त्री : कागद हवाय तर छापून देतो. त्यात खोटं काही नसतं. दोन हिरवे, एक लाल, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही मापं मूळ उंचीच्या गाडीची आहेत.

दाजी : नको. मूळ उंचीच करा. आज होईल?

मिस्त्री : आत्ता बारा वाजतायत. सामान समोर आणलंत तर संध्याकाळपर्यंत करतो. जुने शॉक आहेत का?

मेहुणा : माझ्याकडे आहेत, गुंडाळून ठेवलेत.

मिस्त्री : आणि स्प्रिंगा?

मेहुणा : त्या दाजींच्याच घरी, ताईकडे आहेत. गच्चीत. चारही उभ्या करून तिने वर कुंड्या ठेवल्यात. छान दिसतात.

दाजी : लाव तिला फोन.

मेहुणा : मी? काय सांगू? स्प्रिंगा कशाला, विचारेल ती. दाजी, आपण असं सांगू की मिस्त्रींना नमुना बघायचाय.

मिस्त्री : मला कसलाही नमुना बघायचा नाहीये. आज एक बघितला.

दाजी : आण इकडे तो फोन. हॅलो. मी बोलतोय. हो, गॅरेजच्या मागेच आहोत. एक मिनिट, स्पीकर चालू करतो, ह्यालाही ऐकू दे.

ताई (फोनवर) : झालं का काम?

दाजी : नाही. उद्या ह्या गाडीने जाता येणार नाही. आहे त्या उंचीवर तर नाहीच. गुरुवारी पुलावर काहीतरी झालं होतं. मुली होत्या आत.

ताई (फोनवर) : माहितीय.

दाजी : माहितीय?

ताई (फोनवर) : रविवारी केस धुताना धाकटीने सांगितलं. हाताने करून दाखवलं, स्टिअरिंग कसं नाचत होतं ते. म्हणून तर मी तुम्हाला तिकडे पाठवलं.

दाजी : मग मला सरळ बोलली का नाहीस?

ताई (फोनवर) : तुम्हीही त्याच्याबरोबर लपवताय की काय, कळेना. तुम्हाला कधी कळलं?

दाजी : आत्ता. दहा मिनिटांपूर्वी.

ताई (फोनवर) : बरं. तो आहे का तिथे?

मेहुणा : ताई, माझं जरा ऐकून घे.

ताई (फोनवर) : तुझ्याशी नंतर. अहो, बोला, काय लागतंय?

दाजी : जुन्या स्प्रिंगा. त्या कुंड्या जरा उतरवून ठेवशील?

ताई (फोनवर) : कुंड्या मी रविवारीच उतरवल्या. स्प्रिंगा दारात आहेत.