बाहेरचं

माझं माहेर वैशाखऱ्याचं, दिलं टोकावड्याला, म्हणजे एकाच रस्त्यावर, त्यामुळं माहेर सुटलं असं मला कधी वाटलंच नाय. शाळा थोडी झाली, मंग भाताची लावणी नि गुरं. म्हणून माझ्या संगीतानं मुरबाडला कॉलेजात जावं ही हौस माझी, तिच्या बापाची नाय, हे म्हणायचे पोरीला एसटीचं वेड लागंल, मी म्हणायची लागू दे.

बारावीला पोर गप झाली. आधी वाटलं अभ्यास असंल. मंग जेवताना ताट हुंगायला लागली, म्हणाली आई, यात काय घातलंस, मी म्हटलं अगो मीठ घातलं, दुसरं काय घालणार. मंग म्हणाली रस्त्यावरच्या धाब्यात बसलेली माणसं माझंच बोलत्यात, ऐक ना. धाबा कुठं, आमचं घर कुठं, काय सांगू तुमाला, मी खरंच कान लावून उभी राहिले, लेकीला ऐकू येतंय ते आईला कसं येत नाय म्हणून.

आळीतल्या बायका म्हणायला लागल्या बाहेरचं लागलंय, पोर तिन्हीसांजेला वढ्यावरून येते, काहीतरी पाठी आलं. तरी मी आधी मुरबाडच्या आमच्या डॉक्टरांकडं नेली, घरचेच डॉक्टर, संगीताचे लहानपणीचे ताप त्यांनीच उतरवलेले. ते म्हणाले बुधवारी आणा, कल्याणवरून मनाच्या डॉक्टर मॅडम माझ्याकडं येतात. मॅडमनी आमाला बाहेर बसवलं नि पोरीला एकटीला विचारलं, काय बोलतात ती माणसं. आमी सगळ्यांनी तिला गप बस, गप बस केलेलं, काय बोलतात ते कुणी विचारलंच नव्हतं. पोर रडायला लागली, भिंतीपलीकडं आमाला ऐकू येत व्हतं. मला बरं वाटलं, खरं सांगते.

मंग चिठ्ठी घेऊन हे कंपाउंडरकडं गेले. तो पुड्या बांधत व्हता, चिठ्ठी बघितली नि मान वर न करता म्हणाला, हे बाहेरचं आहे. म्हणजे औषध दवाखान्यात नाय, बाहेर मेडिकलमधून घ्या. पण यांच्या कानात कधीपासनं तोच शब्द घुमत व्हता. चिठ्ठी खिशात घातली, येऊन मला म्हणाले, चल गो, डॉक्टरचा माणूससुद्धा तेच म्हणतोय.

मंग भगत झाला, कोंबडा झाला, दोरा बांधला. पोर वाळत गेली, आणि एकदा भर दुपारी माळशेजच्या वाटेनं एकटीच चालत निघाली, घाटाकडं, तिकडं कडे नुसते. एसटीच्या ड्रायवरनं ओळखली, गाडीत बसवून आणली. त्यानंच मुरबाडला जाऊन डॉक्टरांना सांगितलं, नि दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्कूटर घेऊन आमच्या दारात. म्हणाले गोळ्या चालू आहेत ना. हे म्हणाले कसल्या गोळ्या, तुमचाच माणूस बोलला बाहेरचं हाय. डॉक्टरांना आधी कळेचना. कळलं तसे ओटीवर बसले, पाणी मागितलं, पण प्यायले नाय, तांब्या हातात धरून बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, शब्द आमचा होता, तुमचं काय चुकलं. दोरा राहू द्या हातात, गोळीशी त्याचं काय भांडण नाय. नि गोळ्या स्वतः आणून दिल्या. तेव्हापासनं त्यांचा कंपाउंडर मेडिकलवरचं म्हणतो, बाहेरचं म्हणत नाय.

पटकन काय बरं होत नाय हो. गोळीनं पोर दिवसभर पेंगायची, मॅडमनी गोळी बदलली, मंग जरा हसायला लागली. बारावी राहिली ती राहिलीच. लग्न झालं नाय, ते मला लागतं, लागणारच. पण आता ती पिठाची गिरणी चालवते. ती माणसं अजून कधीमधी बोलतात तिच्याशी, पण म्हणते आई, गिरणी चालू असली की त्यांचं ऐकू येत नाय.

परवा माझी वहिनी आली माहेरनं, लेकीला घेऊन. तिची पोर भिंतीला चिकटून उभी. वहिनीनं दळण ठेवलं नि हळूच म्हणाली, संगे, तुलाच विचारते, हिचं बाहेरचं असंल का गो. संगीता हसली. म्हणाली, व्हय मामी, बाहेरचंच, मेडिकलवर मिळतं, बुधवारी मुरबाडला जाऊ आपण. मंग मामीला बाहेर बसवलं, चालती गिरणी बंद केली, नि पोरीजवळ बसून विचारलं, काय बोलतात गो ती?

मी दारात उभी व्हते. माझं उरलेलं आयुष्य तिला लागो, दुसरं काय म्हणू.