पाठीचं माप

नाही, पुढून नको, आधी पाठ घे. पुढून बघितलं की माणूस फसतो — मीच फसले, मग तुला काय बोल लावू. मानेखालचं ते हाड लागतंय ना बोटाला, तिथून टेप सोड, आणि ताणू नकोस, बाकावरून जाईल तशी जाऊ दे. बाक आहे पाठीला, दिसतोय ना? मग दिसतोय म्हण, मान कसली खाली घालतेस, पाठ माझी आहे. मला एक कोट हवाय. पंधरा दिवसांनी आमच्या शाळेचा कार्यक्रम आहे, जुन्या मुली मला मंचावर बोलावणार आहेत — मुली म्हणजे काय, त्यांनाही आता चष्मे लागलेत. मी ड्रिलची बाई होते तिथे, एकतीस वर्षं. उंची चार फूट नऊ इंच. सहावीतली पोर माझ्या डोक्यावरून पलीकडचं बघायची, पण शिट्टी वाजली की चारशे जणी सुतात उभ्या. टाचणी म्हणायच्या मला. तोंडावर नाही, माझ्या मागे, पण मला ठाऊक होतं — आणि आवडायचंही, आता कशाला खोटं बोलू. बारीक, सरळ आणि वेळ पडली तर टोचणारी.

तयार का नाही घेतला? घ्यायला गेले होते की. पाच दुकानं पालथी घातली. मोठ्या बायकांचा सगळ्यात लहान कोट घातला तर खांदे दंडावर आले, बाहीत हात कुठे हरवला ते शोधावं लागलं, आणि गळा इतका खोल की खाली पडलेलं काही उचलायची सोय नाही. मग लहान मुलींच्या विभागात पाठवलं. तिथे लांबीला बसलं, पण छातीवर बटण लागेना आणि खिशावर अस्वल. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने अस्वल घेऊन मंचावर जायचं? दुकानातली पोरगी म्हणाली, आजी, किती गोड दिसताय. मी म्हटलं, बाई गं, मी गोड दिसायला आले नाहीये, मला हात वर करता आला पाहिजे आणि बसल्यावर कॉलरने गळा आवळता कामा नये, एवढंच दे. एवढंच नव्हतं तिच्याकडे. जगात म्हातारी बुटकी बाई जन्मालाच आली नाही, असं समजून कापड कापतात हे लोक.

आणि पाचव्या दुकानात ते तीन आरसे होते. एक समोर, दोन बाजूंना तिरके — आपली पाठ आपल्यालाच दिसते असे. मी कोट घालून वळले तर बाजूच्या आरशात एक म्हातारी, पाठ अशी कमानीसारखी, डावा खांदा खाली गेलेला. मी बाजूला सरकले, म्हटलं, या, तुम्ही बघून घ्या आधी. तीही सरकली. — हसू नकोस. हस, हस, मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

तुला वाटेल, स्वतःची पाठ कळली नाही बाईला? कशी कळणार? कपडे अंगावर चोख बसायचे ना माझ्या. आमचे टेलरमास्तर होते, पस्तीस वर्षं माझे कपडे त्यांनीच शिवले. दर वर्षी माप घ्यायचे आणि मोठ्याने म्हणायचे, बाई, पाठ तेवढीच, खांदा तेवढाच, तुमचं माप मला झोपेतसुद्धा येईल. मी आपली टेचात घरी. यंदा त्यांची नजर गेली म्हणून दुकान बंद झालं, नाहीतर मी तशीच टेचात मेले असते. त्या दिवशी आरशासमोरून घरी आले आणि कपाट उपसलं. त्यांनी शिवलेला जुना कोट आणि अलीकडचा, दोन्ही पलंगावर शेजारी शेजारी पसरले. अलीकडच्याची पाठ चार बोटं लांब, पुढची बाजू आखूड, डाव्या खांद्यात कापसाची गादी. चार बोटं, बघ — आणि मला म्हणे तेवढीच.

गेले ना त्यांच्या घरी. दोन्ही कोट हातावर टाकून गेले. नुसता हात फिरवून ओळखलं त्यांनी. मी विचारलं, मास्तर, हे काय आहे? कोटाची घडी घातली. मग म्हणाले, साहेबांनी सांगितलं होतं. साहेब म्हणजे आमचे हे. बारा वर्षांपूर्वी एकटेच त्यांच्या दुकानात गेले होते, म्हणाले होते, तिचं माप बदलत जाईल, तुम्ही कपडे बदलत चला, पण आकडा तिला ऐकवू नका. आणि मास्तरांनी शब्द पाळला. हे गेले तरी पाळला. मला म्हणतात, बाई, शिवणीत वाढीव कापडाची माया सोडतो ना आम्ही, तसंच समजा. मी म्हटलं, मास्तर, कापडात सोडतात ती माया, तुम्ही मला सोडलंत. फार बोलले मी त्या आंधळ्या माणसाला. जिन्यापर्यंत सोडायला आले भिंत धरून, तरी मागे वळून बघितलं नाही.

थांब, हात खाली घेऊ का? बरं, असाच ठेवते.

घरी येऊन ह्यांचा कप्पा उघडला. चार वर्षं उघडला नव्हता. शर्टांच्या खाली एक्स-रे. बारा वर्षांपूर्वी माझी पाठ धरली होती, तेव्हाचा — रिपोर्ट आणायला हेच गेले होते, आल्यावर म्हणाले, स्नायू आखडलाय, शेक घे. स्नायू कुठला, मणका दबला होता. हाडं विरळ झालीत, औषध ताबडतोब सुरू करा, असं लिहिलंय स्वच्छ. आणि औषध सुरू केलंही होतं ह्यांनी, तेच तर सांगतेय. मलाच पत्ता नव्हता. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी एक गोळी माझ्या तळहातावर ठेवायचे, पेलाभर पाणी द्यायचे. ताकदीची आहे म्हणायचे. आणि मग म्हणायचे, चल, फिरून येऊ. दर रविवारी. नदीकाठाने पुलापर्यंत आणि परत, चांगला अर्धा तास, पाऊस असला तर छत्री घेऊन. एरवी माणूस खुर्चीतून उठायचा नाही. आठ वर्षं, एक रविवार चुकला नाही. मी मैत्रिणींना सांगायची, निवृत्त झाल्यावर ह्यांना बायको दिसली.

गेल्या महिन्यात डॉक्टरकडे गेले तो कागद घेऊन. डॉक्टर तरुण आहे, नीट समजावून सांगतो. म्हणाला, आजी, आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर. आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, गोळी घशाला जाळते. उभं राहा नाहीतर जरा फिरून या.

फिरून या.

कळलं ना तुला? मग मला दोनदा सांगायला लावू नकोस.

मणक्याचं दाबून ठेवलं, चालेल. कोटाची पाठ वाढवली, तेही चालेल एक वेळ. पण ते फिरणं माझं होतं. ते तरी मला खरं वाटू द्यायचं होतं. आणि हे गेले त्यानंतर गोळी बंद — मला माहीतच नाही तर मी कुठून घेणार? चार वर्षं. डॉक्टर म्हणतो, जास्त बाक त्या चार वर्षांतला आहे. भांडायचं कुणाशी? जिवंत असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

का लपवलं म्हणजे? मला काय माहीत का लपवलं. घाबरले असतील. मी काय खाणार होते त्यांना?

त्यांची थोरली बहीण होती — आमच्या वन्सं. साठीनंतर वाकल्या, पार कमरेत. मी तेव्हा पन्नाशीची, अंगात रग. त्या जेवायला आल्या होत्या, आणि त्या हात धुवायला गेल्यावर मी ह्यांना म्हणाले, माणूस स्वतःला सोडतं ना, तेव्हाच वाकतं, हा आळस आहे निव्वळ, मी अशी झाले तर घराबाहेर तोंड दाखवणार नाही. हळूच म्हणाले होते. वन्सं दारातच होत्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत आमच्याकडे, शेवटपर्यंत. हे कधी काही बोलले नाहीत त्यावर, एक शब्द नाही. मला वाटलं, विसरले.

हे तुला कशाला सांगितलं मी? कोट शिवायला आले होते. लिही, खांद्यात गादी नको. कापूस नको, काही नको, खांदा जसा आहे तसा. बटणं मोठी लाव, माझी बोटं आता बारीक बटणाला दाद देत नाहीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत, त्याच्याखाली नको.

गोळी? हो, सुरू केली. गेल्या रविवारी घेतली. अर्धा तास ओट्याला धरून उभी राहिले. नाही, बाहेर नाही गेले.

झालं ना तुझं? मग दे माझे कपडे इकडे, आणि तू जा जरा बाहेर, मला घालायला वेळ लागतो. नको, मदत नको. पडदा ओढून घे जाताना.